गाय गाभडल्यानंतरचे दोन तास : ब्रुसेलोसिस गोठ्यातून घरात येऊ नये म्हणून

सातव्या-आठव्या महिन्यातली गाभण गाय रात्रीत गाभडते. पहाटे धारेला गेलेल्या बाईला मागे मेलेलं वासरू पडलेलं दिसतं. पुढचं बहुतेक गोठ्यांत सारखंच घडतं. ती उघड्या हातांनी ते उचलून घमेल्यात टाकते, लोंबणारी वार ओढून पाहते, जागा खराट्याने लोटते, हौदात हात बुचकळते आणि दुसऱ्या गाईच्या कासेला बसते. वासरू उकिरड्यावर जातं, तिथून कुत्री ते ओढत शेजारच्या वस्तीपर्यंत नेतात. घरात चर्चा होते ती गाईच्या वेताची आणि बुडालेल्या दुधाची. महिन्याभराने त्याच बाईला संध्याकाळी ताप भरू लागतो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, कंबर धरते. या तापाचा त्या पहाटेशी काही संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

ब्रुसेलोसिस म्हणतात तो हा आजार. पशुवैद्यकाच्या भाषेत सांसर्गिक गर्भपात. गाई-म्हशींत तो मुख्यतः ब्रुसेला अबॉर्टस या जिवाणूमुळे होतो, शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेला मेलिटेन्सिसमुळे. माणसाला दोन्ही होतात, पण शेळी-मेंढीकडून येणारा अधिक तापदायक. माणसांसाठी वापरात असलेली लस नाही. म्हणजे जे करायचं ते जनावराच्या बाजूने आणि आपल्या हातांच्या बाजूने.

जंतू नेमका असतो कुठे

हा जंतू गाभण जनावराच्या गर्भाशयात आणि वारेत अफाट वाढतो. गाभडताना किंवा वितानाही मेलेलं वासरू, वार, गर्भजल आणि पुढचे काही आठवडे योनीतून येणारा स्राव यांत तो ठासून भरलेला असतो. त्यानंतर तो कासेत मुक्काम ठोकतो आणि दुधातून येत राहतो. बाधित गाय साधारणपणे एकदाच गाभडते, पुढची वेतं नीट होतात. मालक म्हणतो, गाय सुधारली. गाय दिसायला ठणठणीत असते, पण प्रत्येक वितीच्या वेळी आणि दुधातून जंतू बाहेर टाकू शकते.

माणसात तो चार वाटांनी शिरतो: हातावरच्या जखमा-ओरखड्यांतून, डोळ्यात उडालेल्या थेंबातून, श्वासातून आणि कच्च्या दुधातून. ऊस तोडणाऱ्या, गवत कापणाऱ्या हातांवर बारीक चिरा कायमच्या असतात, हे वेगळं सांगायला नको.

या रोगाचा इतिहास एका बाबतीत उपयोगी पडतो. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू शोधला. तो सैनिकांत येतो कुठून, हे कळायला १९०५ उजाडलं. थेमिस्टोक्लिस झामिट यांनी बेटावरच्या, वरकरणी निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांकडे बोट दाखवलं. पुढच्या वर्षी छावणीत शेळीचं दूध बंद झालं आणि सैनिकांमधला ताप झपाट्याने उतरला. पण सैनिक फक्त दूध पीत होते, शेळ्या विऊन घेत नव्हते. आपला पशुपालक दोन्ही करतो. म्हणूनच ‘दूध उकळा’ एवढं सांगून थांबणारी पत्रकं मला अपुरी वाटतात. दूध तर आपल्याकडे बहुतेक घरांत उकळतातच. गळती आहे ती गोठ्यात, वार हातात घेण्याच्या क्षणी.

संशय कधी घ्यायचा

गाय-म्हैस सहाव्या महिन्यानंतर गाभडली, शेळी शेवटच्या दीड-दोन महिन्यांत गाभडली, वार चोवीस तासांत पडली नाही, एका हंगामात कळपात दोन-तीन जनावरं गाभडली, वासरू अशक्त जन्मून दोन-चार दिवसांत गेलं, वळूचे किंवा बोकडाचे वृषण सुजले, गुडघ्यावर पाण्याची मऊ गाठ आली. यातलं काहीही दिसलं तर ब्रुसेलोसिस धरून चालायचं आणि तपासणीने तो नाही ठरला तर आनंद मानायचा. गर्भपाताला लेप्टोस्पायरोसिस, मार लागणं, विषारी चारा अशी इतर कारणं असतातच, पण हाताळताना घ्यायची काळजी तीच.

पहिले दोन तास

सर्वात आधी माणसं आणि कुत्री बाजूला करा. लहान मुलं, गरोदर बाई आणि हाताला जखम असलेला माणूस तिथे नको. गरोदर बाईला या जंतूमुळे गर्भपाताचा धोका आहे, त्यामुळे ‘फक्त कंदील धर’ म्हणूनसुद्धा तिला बोलावू नका. काम एकानेच करायचं.

त्या एकाने अंगावर काय घालायचं? कृत्रिम रेतनासाठी वापरतात ते खांद्यापर्यंतचे प्लॅस्टिकचे हातमोजे जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळतात आणि स्वस्त असतात. ते पटकन फाटतात, म्हणून आत रबरी हातमोजे घालून वरून हे चढवा. नाकातोंडावर मास्क, डोळ्यांना चष्मा, पायात गमबूट. गव्हाणीशेजारी एका डब्यात हे सामान कायम ठेवलेलं असावं. ऐनवेळी काहीच नसेल तर दुधाच्या जाड पिशव्या नकोत, त्या आखूड पडतात. खताच्या गोणीतली आतली प्लॅस्टिकची पिशवी कोपरापर्यंत घालून मनगटाशी आणि वर दोरीने बांधा. दिसायला विनोदी, पण उघड्या हातापेक्षा शंभरपट बरं.

मेलेलं वासरू आणि वार लगेच पुरू नका. आधी डॉक्टरांना फोन करा. गावचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक. नमुना घ्यायचा असेल तर तो डॉक्टर घेतील. वासराचं पोट फाडून बघण्याचा उद्योग स्वतः करू नये. डॉक्टर येईपर्यंत ते जाड प्लॅस्टिकवर ठेवून वर पाटी पालथी घाला आणि दगड ठेवा. कोंबड्या, मांजरं, कावळे यांनाही तिथे वाव नको.

मग खड्डा. विहीर, बोअर, ओढा यांच्यापासून लांब, पावसाचं पाणी न साचणाऱ्या जागी निदान चार-पाच फूट खोल. तळाला चुना, त्यावर वासरू, वार आणि खाली पडलेला ओला पेंढा, पुन्हा भरपूर चुना, मग माती दाबून वर बाभळीच्या काट्या आणि दगड. काट्या विसरू नका, कुत्रं ताजी माती उकरतंच. कळीचा चुना ओलाव्याने तापतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो, म्हणून चष्मा काढायचा नाही आणि वाऱ्याच्या दिशेला तोंड करून चुना टाकायचा नाही.

काही गावांत वार पोत्यात बांधून वडाला टांगायची रीत आहे. गाय भरपूर दूध देते म्हणतात. वड बिचारा काही बोलत नाही, पण पोत्यातून ठिबकणारं पाणी, खाली बसणारी माणसं आणि वर चोच मारणारे कावळे लक्षात घेता ही रीत आता थांबलेली बरी. ओढ्यात सोडणं तर त्याहून वाईट. सावलीत, ओलाव्यात हा जंतू आठवडेच काय, महिनोन्‌महिने तग धरतो. कडक उन्हात मात्र काही तासांत मरतो.

गोठा धुताना क्रम चुकवू नका

औषध फवारण्याआधी शेण, पेंढा आणि चिकट स्राव खरवडून काढा. शेणावर कितीही ब्लीचिंग ओतलं तरी त्याचा जोर शेणातच संपतो. खरवडताना कोरडं झाडू नका, धूळ उडते. आधी पाणी शिंपडा. मग साबणाच्या पाण्याने घासा. त्यानंतर दहा लिटरच्या बादलीत तीनशे ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून ते पाणी जमिनीवर, नालीत आणि कुडाच्या खालच्या भागावर टाका, अर्धा तास तसंच राहू द्या आणि धुऊन काढा. ब्लीचिंग पावडर ताजी म्हणजे नाकाला झोंबणारी. पाकीट उघडून महिनेच्या महिने पडलेलं असेल तर त्यात राम उरलेला नसतो. जनावरं त्या वेळी बाहेर बांधा. गव्हाण साध्या पाण्याने दोनदा धुवा. संडास धुवायचं ॲसिड ब्लीचिंगमध्ये कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो.

मातीची जमीन असेल तर वरची ओली माती खरवडून खड्ड्यात घाला आणि खाली चुना पसरा. त्या जागेचं शेणखत वेगळ्या खड्ड्यात टाका. ते शक्यतो वर्षभर शेतात न्यायचं नाही. हातमोजे उलटे करत काढा, म्हणजे बाहेरची बाजू आत जाईल. मग कोपरापर्यंत साबण लावून धुवा. बांगड्यांच्या, अंगठीच्या खाली आणि नखांत नीट. कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत. गरम साबणाच्या पाण्यात भिजवून उन्हात वाळवा.

गाभडलेली गाय अंगावरचा स्राव पूर्ण थांबेपर्यंत, निदान तीन-चार आठवडे, वेगळी बांधा. वेगळी जागा नसेल तर दावणीच्या शेवटच्या टोकाला, जिथून पाणी इतरांकडे वाहत जाणार नाही. तिची धार सगळ्यात शेवटी.

वार अडकली किंवा वासरू अडलं तर

‘हात घालून काढतो’ म्हणणारा एखादा जाणता गावात असतोच. त्याच्या हाताला सवय आहे हे खरं, पण तोच सगळ्यात आधी आजारी पडायची शक्यता. अडकलेली वार ओढायची नाही. लोंबणारा भाग शेपटीला घासत असेल तर हातमोजे घालून कात्रीने थोडा कापा आणि पुढचं डॉक्टरांवर सोडा.

निपचित जन्मलेल्या वासराच्या किंवा करडाच्या नाकात तोंड लावून फुंकर मारायची पद्धत आहे. ती बंद. नाकपुडीत गवताची काडी फिरवून शिंक आणा, छाती पोत्याने जोरात चोळा, नाकातोंडातला चिकटा कापडाने पुसा. काम तेच होतं. मेंढपाळ वाड्यावर नवं कोकरू अंगावरच्या घोंगडीत घेतात, त्यांनी ते आधी पुसून कोरडं करावं आणि ती घोंगडी रात्री पांघरू नये.

तपासणी

रोझ बेंगॉल ही सगळ्यात सोपी चाचणी. जनावराच्या रक्तातल्या पाण्याचा एक थेंब आणि गुलाबी रंगाच्या द्रावणाचा एक थेंब पांढऱ्या फरशीवर मिसळून हलवतात. चार मिनिटांत दाणे दिसले तर संशय पक्का, मग एलायझा या प्रयोगशाळेतल्या रक्तचाचणीने खात्री. राज्यस्तरावर पुण्याच्या औंध इथल्या रोग अन्वेषण विभागात ही सोय आहे. नमुना दवाखान्यामार्फत जातो.

गाभडल्या दिवशी चाचणी नकारात्मक आली म्हणून सुटलो असं नाही. शरीराने प्रतिद्रव्यं, म्हणजे जंतूशी लढणारे रक्तातले घटक, बनवायला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासा. गाईंच्या मोठ्या कळपासाठी एकत्र दुधाची रिंग टेस्ट असते. रंगीत द्रावण दुधात घालून ठेवलं की जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं असलेल्या दुधात वर येणाऱ्या सायीला रंगीत कडं दिसतं. चीक किंवा दगडी झालेल्या कासेचं दूध असेल तर ती फसवते, पण संकलन केंद्रावर वेळोवेळी केली तर कुठल्या वस्तीत शोध घ्यायचा ते कळतं. दूध संघाच्या सभेत फॅटच्या दरावर जितका वाद होतो त्याच्या दहाव्या हिश्शाने ही मागणी झाली तरी पुरे.

चाचणी सकारात्मक आली तर? जनावराला औषधोपचार करून भागत नाही. जंतू पेशींच्या आत दडून बसतो, प्रतिजैविकं बंद केली की पुन्हा वर येतो. परदेशात अशी जनावरं कत्तलीला पाठवून कळप साफ करतात. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे गाईच्या बाबतीत तो मार्ग नाही. मग उरतं काय? तिला कायमची वेगळी बांधणं, वित वेगळ्या जागी करणं, दूध उकळल्याशिवाय कुणालाही न देणं. आणि बाजारात नेऊन दुसऱ्याच्या गळ्यात न मारणं. हे शेवटचं लिहायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, कारण गाईवर कर्ज असतं. तरी सांगतो: २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार हा सूचित रोग आहे, तो कळवणं मालकाचं काम आहे. शिवाय गावातलं जनावर फिरून गावातच येतं.

लस : वय चुकलं की संधी गेली

गाई-म्हशींच्या मादी वासरांना चौथ्या ते आठव्या महिन्यात एस-१९ ही लस आयुष्यात एकदाच द्यायची. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर ब्रुसेलोसिसही घेतला आहे आणि ही लस मोफत मिळते. कानात बारा अंकी बिल्ला मारून नोंद होते. कालवड किंवा पारडी जन्मली की भिंतीवरच्या कालनिर्णयवर चौथा महिना पूर्ण होण्याच्या तारखेला खूण करून ठेवा. लस देणारे दारात येतील याची वाट पाहू नका.

वयाची अट उगाच नाही. ही जिवंत लस आहे. गाभण जनावराला दिली तर गर्भपात होऊ शकतो. मोठ्या वयात दिली तर रक्तातली प्रतिद्रव्यं टिकून राहतात आणि पुढे लसीची गाय आणि रोगाची गाय यांतला फरक करता येत नाही. नर वासरांना ही लस देत नाहीत.

आता लस देणाऱ्यांसाठी. आमच्याच बिरादरीत याबद्दल कमालीची बेफिकिरी आहे. कालवड उधळते, सुई बोटात जाते, ‘काही होत नाही’ म्हणून पुढची कालवड धरतात. ही लस माणसात आजार करू शकते. हातमोजे आणि चष्मा घाला, कालवड नीट धरायला दुसरा माणूस घ्या, सुईला टोपण परत लावू नका. सुई टोचली तर साबण-पाण्याने भरपूर धुवा, लस डोळ्यात उडाली तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. लसीची बाटली बरोबर न्या, कारण कुठल्या लसीचा संपर्क झाला त्यावर कोणती प्रतिजैविकं द्यायची ते ठरतं.

बाजारातून जनावर आणताना

गाभण गाय घेण्याची हौस सगळ्यांना, कारण महिन्या-दोन महिन्यांत दूध सुरू. पण ब्रुसेलोसिसच्या दृष्टीने सगळ्यात जोखमीची खरेदी तीच. मागच्या वेताला काय झालं, वार कधी पडली, वासरू कुठे आहे, हे विचारा. वासरू दाखवता येत नसेल आणि उत्तर गुळमुळीत असेल तर दावं हातात घेऊ नका. शक्य असेल तर सौद्याआधी रक्त तपासा. घरी आणल्यावर महिनाभर वेगळं बांधा आणि पुन्हा तपासा. बाधित गाईच्या पोटची कालवड पहिल्यांदा विईपर्यंत चाचणीत नकारात्मक राहू शकते, म्हणून विल्यानंतर दोन-चार आठवड्यांनी आणखी एकदा. रेतनासाठी गावभर फिरणाऱ्या वळूपेक्षा मान्यताप्राप्त केंद्राची रेतमात्रा बरी. तिथल्या वळूंची या रोगासाठी तपासणी होत असते.

दूध, चीक आणि शेळीच्या दुधाचं वेड

दूध उतू येईपर्यंत उकळलं की हा जंतू मरतो. डेअरीत ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद किंवा ६३ अंशांना अर्धा तास तापवतात, तेवढंही त्याला पुरतं. पिशवीचं पाश्चराइज्ड दूध या बाबतीत सुरक्षित. धोका धारोष्ण दुधाचा. थेट कासेतून तोंडात धार घेणं, पैलवानाने आखाड्यातून येऊन कच्चा तांब्या लावणं, पाहुण्या पोराला ‘गावची चव’ म्हणून देणं. धारोष्ण दुधाची थोरवी सांगणाऱ्यांच्या काळात प्रयोगशाळा नव्हत्या. आता आहेत.

डेंग्यूच्या मोसमात शेळीच्या कच्च्या दुधाला सोन्याचा भाव येतो. प्लेटलेट वाढतात, ही समजूत. तापाने खंगलेल्या माणसाला कच्चं शेळीचं दूध देणं म्हणजे त्याला ब्रुसेला मेलिटेन्सिसच्या दारात नेऊन उभं करणं. द्यायचंच असेल तर उकळून द्या.

दही, ताक, लोणी, पनीर नेहमी उकळलेल्या दुधाचंच. दही आंबट झालं म्हणून जंतू मेला असं धरू नका. चीक बोटाने चाखायचा नाही. खरवस मात्र आतपर्यंत घट्ट होईस्तोवर वाफवलेला असेल तर बिनधास्त खा. कच्च्या दुधाचं गाळणं आणि उकळलेल्या दुधाचं भांडं वेगळं ठेवा.

मटणात धोका त्या मानाने कमी, पण कलेजी, कपुरे, प्लीहा हे भाग तव्यावर नुसते परतून गुलाबी असताना खाऊ नका. खाटीककाम करणाऱ्यांनी बोटावरच्या जखमा झाकून हातमोजे घालावेत.

माणसाला ताप आला तर

संपर्कानंतर साधारण एक ते चार आठवड्यांत, कधी कधी काही महिन्यांनी त्रास सुरू होतो. चढउतार करणारा ताप, रात्रीचा घाम, सांधे आणि कंबर दुखणं, गळून जाणं, पुरुषांत वृषणाला सूज. सुरुवातीला टायफॉइड किंवा मलेरियाची औषधं होतात. पुढे पाठीच्या मणक्याला सूज दिसली की क्षयाची शंका येते. आणखी घोळ असा, की क्षयासाठी देतात ती रिफाम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही औषधं ब्रुसेलोसिसवरही चालतात. रुग्णाला थोडं बरं वाटतं आणि निदान चुकलेलंच राहतं.

म्हणून डॉक्टर विचारोत न विचारोत, पहिलं वाक्य हे म्हणा: ‘आमच्याकडे जनावरं आहेत, अमुक महिन्यात गाय गाभडली, मी हाताळलं होतं.’ कच्चं दूध प्यायला असाल तर तेही सांगा. प्रतिजैविक सुरू होण्याआधी रक्ताचं कल्चर आणि ब्रुसेलाची प्रतिद्रव्य चाचणी करता येईल का, हे विचारा. प्रयोगशाळेलाही संशय आधी कळवायला हवा, कारण तिथल्या तंत्रज्ञाला या जंतूची लागण सहज होते.

प्रौढांना बहुधा डॉक्सिसायक्लिन सहा आठवडे आणि जोडीला दुसरं प्रतिजैविक देतात. गरोदर बायका आणि लहान मुलांची औषधं वेगळी असतात. ताप आठवड्याभरात उतरतो आणि तिथेच बहुतेक लोक गोळ्या सोडतात. अर्धवट सोडलेला हा आजार उलटतो, मणक्यात, सांध्यांत, क्वचित हृदयाच्या झडपेत घर करतो. घरातल्या एकाला निदान झालं की तेच दूध पिणाऱ्या आणि त्याच गोठ्यात काम करणाऱ्या बाकीच्यांचीही तपासणी करून घ्या, सालगड्याचीही.

आणि उघड्या हातांनी वार काढून झालीच असेल तर? दुकानातून आपल्या मनाने गोळ्या घेऊ नका. हात धुवा, तारीख लिहून ठेवा, डॉक्टरांना भेटून संपर्क सांगा आणि पुढचे सहा महिने कुठलाही ताप दोन-तीन दिवसांपेक्षा लांबला तर ती तारीख दाखवा.